बदल शुल्क शून्य, मग हे साडेपाच हजार कसले?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही, पत्नी आणि आई डिचोलीहून दिल्लीला बहिणीकडे जाणार आहात. मोपा विमानतळाहून जायचे, मोपालाच परतायचे. परतीच्या तिकिटांना प्रत्येकी ७०० रुपये जास्त मोजून तुम्ही फ्लेक्सी भाडे घेतले, कारण तिथे ‘बदल शुल्क शून्य’ असे स्पष्ट लिहिले होते. आता परतीची तारीख २० डिसेंबरवरून २४ डिसेंबरवर न्यायची आहे, तर विमान कंपनी प्रत्येकी ५,५०० रुपये मागते. शून्य म्हटल्यावर हे पैसे कसले, ही फसवणूक नाही का, असे तुम्ही विचारता. शिवाय तुमचा हिशेब असा, की तिकीट ६,४०० चे होते आणि साइटवर २४ तारखेचे भाडे ११,२०० दिसते. मग फरक ४,८०० चा हवा, वरचे ७०० कुठून आले?

फसवणूक नाही. पण तुमचा राग मला समजतो. म्हापशात तिकीट बुकिंगचे काम करताना हा प्रश्न माझ्यासमोर सतत येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा असा असतो, की ज्याने विचार करून, पदरचे चार पैसे जास्त घालून फ्लेक्सी घेतलेले असते. तिकीट विकताना मोठ्या अक्षरात शून्य लिहिले जाते आणि ‘भाड्यातला फरक लागू’ हे शब्द बारीक अक्षरांत खाली राहतात. विकणाऱ्याने ते तोंडाने सांगायलाच हवे असे माझे ठाम मत आहे, मग तो एजंट असो वा मोबाइलवरचे ॲप.

तारीख बदलताना दोन वेगळे पैसे लागतात. एक बदल शुल्क, म्हणजे बदल करण्याबद्दलची ठरलेली रक्कम. देशांतर्गत साध्या तिकिटाला ती आज माणशी साधारण तीन हजारांच्या आसपास असते. दुसरा भाड्यातला फरक, म्हणजे नव्या विमानाचे आजचे भाडे वजा तुम्ही आधी भरलेले भाडे. फ्लेक्सीचे जादा पैसे यातल्या फक्त पहिल्या रकमेसाठी असतात. दुसरी रक्कम बाजारावर चालते आणि तिच्यापासून फ्लेक्सी तुम्हाला अजिबात वाचवत नाही.

आता तुमचे ७००. साइटवर तुम्ही पाहिलेले ११,२०० हे त्या विमानाचे सर्वात स्वस्त, साधे भाडे आहे. तुमचे तिकीट फ्लेक्सी आहे, म्हणून कंपनीची यंत्रणा नव्या तारखेच्या फ्लेक्सी भाड्याशी तुलना करते. ते साध्यापेक्षा ७०० ने जास्त, म्हणजे ११,९००. त्यातून तुमचे ६,४०० गेले की ५,५०० उरतात. म्हणजे हिशेब जुळतो. फरक स्वतः काढून पाहायचा असेल तर नेहमी आपल्याच प्रकारच्या भाड्याचा रकाना उघडून पाहायचा.

तुम्ही साधे तिकीट घेतले असते तर काय झाले असते, तेही पाहू. ते ५,७०० ला मिळाले असते. बदलताना फरक ५,५०० आणि शुल्क समजा ३,०००, असे ८,५०० भरावे लागले असते, म्हणजे एकूण खर्च १४,२०० झाला असता. आता तो ११,९०० होतो. माणशी २,३०० आणि तिघांचे ६,९०० रुपये फ्लेक्सीने वाचवले आहेत. १६,५०० चे बिल समोर असताना हे वाचलेले पैसे दिसत नाहीत, हे खरे. पण ते वाचले आहेत.

मग प्रश्न उरतो की चार दिवसांत भाडे एवढे चढते कसे. विमानात सगळ्या इकॉनॉमी सीटा सारख्या दिसल्या, तरी त्यांचे भाडे एक नसते. कंपनी त्या सीटा वेगवेगळ्या क्लासमध्ये वाटते आणि प्रत्येक क्लासला एक इंग्रजी अक्षर असते. वाय, बी, एम, क्यू, व्ही अशी अक्षरे तिकिटावर बारीक छापलेली दिसतील. स्वस्त क्लासच्या सीटा आधी संपतात आणि मग पुढचा, महाग क्लास उघडतो. ज्या दिवशी गर्दी होणार हे कंपनीला आधीच माहीत असते, त्या दिवसासाठी स्वस्त क्लास मुळातच थोडके ठेवले जातात. तारीख बदलताना तुमच्या जुन्या क्लासची सीट नव्या विमानात शिल्लक असेल आणि त्या क्लासचे भाडेही तेच असेल, तर फरक शून्य येतो. नसेल तर जो क्लास उघडा आहे त्याचे पैसे. विमानसेवा सरकारी कंपन्यांपुरती ठेवणारा एअर कॉर्पोरेशन्स कायदा १९९४ मध्ये रद्द झाला तेव्हापासून आपल्याकडे खासगी कंपन्यांना नियमित विमानसेवेची दारे उघडली, आणि भाडे ठरवणे हे कंपनीचेच काम झाले. त्यामुळे भाडे चढले म्हणून तक्रार केली तर तिला कायद्याचा आधार सहसा मिळत नाही.

गोव्यातल्या माणसाने यात एक गोष्ट खास ध्यानात घ्यायची असते, आणि ती मुंबई-पुण्याकडचे सल्ले वाचून कळत नाही. आपली गर्दी एका दिशेची असते. नाताळाच्या आधीच्या आठवड्यात सगळा देश गोव्याकडे येत असतो. दिल्ली-गोवा, मुंबई-गोवा, बेंगळुरू-गोवा या दिशेचे भाडे आभाळाला भिडते, आणि त्याच दिवशी गोव्यातून बाहेर जाणाऱ्या विमानांत पुष्कळदा बऱ्यापैकी भाड्यात सीट मिळते. नवे वर्ष लागले की चित्र उलटे होते. जानेवारीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत बाहेर जाणारे विमान महाग, येणारे स्वस्त. जोडून सुट्ट्या आल्या की हेच लहान प्रमाणात घडते. शुक्रवारी येणारे विमान महाग, रविवारी संध्याकाळी जाणारे महाग. पर्यटक ज्या दिशेने जातो त्याच्या उलट दिशेने आपण गेलो, तर भाड्यातला फरक पुष्कळ वेळा येतच नाही.

तुम्ही २४ डिसेंबरला दिल्लीहून गोव्याला येऊ पाहताय, म्हणजे वर्षातल्या सर्वात दाट गर्दीच्या दिशेला, सर्वात दाट गर्दीच्या दिवसांत. हाच बदल जर गोव्याहून दिल्लीला जाण्याच्या तिकिटात असता, तर कदाचित हा प्रश्न तुम्हाला पडलाच नसता.

चतुर्थीचे गणित जरा निराळे. चवथीला आपलीच माणसे बाहेरून घरी येतात, पर्यटक कमी असतात, पावसाळाही संपलेला नसतो. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत मुंबईहून येणारे भाडे चढते, पण नाताळाइतके नाही. जत्रेसाठी येणाऱ्यांना तर बहुतेक वेळा फक्त आठवड्याचा वार आडवा येतो.

म्हणून फ्लेक्सी घ्यावे का, असे कुणी विचारले की मी उलट विचारतो: बदल करावा लागला तर तो कोणत्या दिवसांकडे होईल? ऑगस्टात बेंगळुरूला मुलाच्या प्रवेशासाठी जाताय, काम एक-दोन दिवस मागेपुढे होईल, तर फ्लेक्सी जरूर घ्या. त्या दिवसांत भाडे फारसे हलत नाही, त्यामुळे शुल्क वाचले की जवळजवळ सगळेच वाचले. बदल झालाच तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ढकलला जाणार असेल, तर फ्लेक्सी शुल्क वाचवेल पण मोठा खर्च तसाच राहील. तिथे माझा सल्ला असा, की आधीच उशिराची तारीख धरून तिकीट काढा. गर्दीच्या दिवसाकडून रिकाम्या दिवसाकडे सरकणे स्वस्त पडते, उलटे सरकणे महाग. फक्त एक अट ध्यानात घ्या. नवे भाडे जुन्यापेक्षा कमी निघाले तर उरलेले पैसे परत मिळतीलच असे नाही. बऱ्याच भाड्यांत ते बुडतात, काहींत पुढच्या प्रवासासाठी जमा राहतात. हे भाड्याच्या नियमावर अवलंबून असते, म्हणून विचारून घ्यावे.

शुल्काचे गणित सोपे आहे. फ्लेक्सीसाठी ७०० जास्त आणि शुल्क ३,००० असेल, तर चारातल्या एका प्रवासात जरी बदल करावा लागत असेल तरी फ्लेक्सी परवडते. तारीख पक्की असलेल्या लग्नाला जाताना ते ७०० वायाच जातात. डॉक्टरकडे, कोर्टात, सरकारी कार्यालयात काम असेल तर मी बहुतेकांना फ्लेक्सी घ्यायला सांगतो, कारण ती तारीख आपल्या हातात नसते.

डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांबद्दलही अनेकांचा समज अर्धवट असतो. कंपनीच्या साइटवरून थेट तिकीट काढले आणि देशांतर्गत प्रवासाला किमान सात दिवस बाकी असतील, तर बुकिंगनंतर किमान पहिले २४ तास तुम्हाला शुल्क न भरता तिकीट रद्द करता येते किंवा बदलता येते. पण त्या नियमातही बदल करताना नव्या विमानाचे चालू भाडे भरावे लागतेच. म्हणजे नियामकानेही शुल्क आणि भाडे या दोन गोष्टी वेगळ्याच धरल्या आहेत. त्याच नियमांत प्रवाशाच्या कामाची आणखी एक तरतूद आहे. तिकीट कितीही स्वस्त आणि ‘परतावा नाही’ असे छापलेले असले, तरी रद्द केल्यावर किंवा विमान चुकल्यावरही सरकारी कर आणि विमानतळाचे वापर शुल्क परत मिळायला हवे. हे पैसे पुष्कळ लोक मागतच नाहीत. मागा.

आणि कंपनीनेच विमान रद्द केले किंवा वेळ मोठ्या प्रमाणात बदलली, तर सगळे चित्र पालटते. तेव्हा बदल तुमचा नसतो. कंपनी देईल ते दुसरे विमान घ्यायचे की पूर्ण पैसे परत घ्यायचे, हा हक्क तुमचा. त्यासाठी शुल्क नाही आणि कंपनीने स्वतः दिलेल्या पर्यायी विमानासाठी भाड्यातला फरकही नाही. म्हणून बदलाचे पैसे भरण्याआधी एकदा मेल आणि एसएमएस उघडून पाहा. तुमच्या मूळ विमानाची वेळ कंपनीने आधीच हलवली असेल, तर ते सांगून बदल फुकट मागता येतो. माझ्याकडे आलेल्या कितीतरी लोकांचे पैसे केवळ हा एसएमएस सापडल्याने वाचले आहेत.

तुम्ही तिघे एका पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर आहात, तिथेही थोडे लक्ष द्या. तीन सीटा एकत्र मागितल्या, की यंत्रणा सहसा असा क्लास शोधते ज्यात तिन्ही सीटा शिल्लक आहेत. समजा ९,९०० च्या क्लासमध्ये दोनच सीटा उरल्या असतील, तर त्या बाजूला टाकून तिघांनाही ११,९०० लावले जातात. म्हणून साइटवर आधी एका माणसासाठी, मग दोघांसाठी, मग तिघांसाठी भाडे पाहा. आकडा वाढत गेला, तर कंपनीला किंवा एजंटला पीएनआर विभागायला सांगा. मग दोघांचा फरक ३,५०० आणि एकाचा ५,५००, म्हणजे १६,५०० ऐवजी १२,५०० होतात. पण यालाही दुसरी बाजू आहे. पीएनआर वेगळे झाल्यावर विमान रद्द झाले, तर कंपनी त्यांना स्वतंत्र प्रवासी समजते आणि वेगवेगळ्या विमानांत बसवू शकते. तुमच्या आईंना एकटीने प्रवासाची सवय नसेल, तर त्यांना तुमच्याच पीएनआरवर ठेवा आणि विभागायचेच तर पत्नीचे तिकीट वेगळे करा.

रद्द करून नवे घेणे कधी बरे? फ्लेक्सी भाड्याला रद्द शुल्कही कमी असते, काही भाड्यांत ते नगण्य असते. तुमच्या तिकिटाला रद्द शुल्क समजा ५०० असेल, तर ५,९०० परत येतील. त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीचे विमान ११,४०० च्या खाली मिळाले, तर बदलापेक्षा हेच स्वस्त. यात दाबोळीचा जुना विमानतळही धरा. मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ ला प्रवाशांसाठी सुरू झाल्यापासून गोव्याला दोन दारे झाली आहेत, आणि यंत्रणेत त्यांचे कोडही दोन आहेत. दाबोळीचा जीओआय, मोपाचा जीओएक्स. एकाच दिवशी दोन्हीकडची भाडी बरीच वेगळी असू शकतात. मात्र मोपाचे तिकीट दाबोळीवर नेणे म्हणजे तारीख बदलणे नव्हे. कितीतरी फ्लेक्सी भाड्यांत फक्त तारीख आणि वेळ बदलता येते, ठिकाण बदलता येत नाही. विमानतळांचे वापर शुल्कही वेगळे असते. शिवाय टॅक्सीचा खर्च वजा करायला विसरू नका. डिचोलीकराला मोपा सोयीचे. काणकोणच्या माणसाला मोपाला उतरायचे म्हणजे राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणे, आणि तिकिटात वाचलेले टॅक्सीत जातात.

तिकीट कंपनीच्या साइटऐवजी तिकीट विकणाऱ्या दुसऱ्या पोर्टलवरून काढले असेल तर आणखी एक रक्कम मध्ये येते. कंपनीचे शुल्क शून्य असले तरी पोर्टलचे स्वतःचे सेवाशुल्क शून्य नसते, आणि बुकिंगच्या वेळी घेतलेली कन्व्हीनियन्स फी परत येत नाही. आम्ही एजंटही सेवाशुल्क घेतो. ते किती, हे तिकीट काढतानाच विचारून ठेवा, त्यात संकोच करू नका.

परदेशच्या तिकिटांबद्दल तुम्ही विचारले नाही, पण आखातात, लंडनला, लिस्बनला जाणारी माणसे आपल्याकडे घरोघरी आहेत, म्हणून थोडे सांगतो. तिथे जाण्या-येण्याचे भाडे बहुधा एकत्र बांधलेले असते. प्रवास सुरू होण्याआधी काहीही बदलले, तर बहुतेक नियमांनुसार पूर्ण तिकीट आजच्या भाड्याने पुन्हा मोजले जाते, म्हणजे तुम्ही फक्त परतीची तारीख हलवलीत तरी जाण्याचे भाडेही नव्याने लागते. जाण्याचा प्रवास होऊन गेल्यावर परतीची तारीख बदलली, तर पुष्कळ भाड्यांत तिकीट काढले त्या दिवशीचे भाडेपत्रक धरले जाते. सीट मात्र आज जो क्लास उघडा असेल त्याच क्लासची मिळते. त्यामुळे परतीची तारीख अनिश्चित असेल आणि घाई नसेल, तर जाऊन पोचल्यावर बदलणे कधी कधी स्वस्त पडते. पण हे भाड्याचा नियम वाचल्याशिवाय करायचे नाही. किमान मुक्काम, कमाल मुक्काम, किती दिवस आधी तिकीट काढले पाहिजे, अशा अटी त्यात असतात. जाण्याचे भाडे एका प्रकारचे आणि येण्याचे दुसऱ्या प्रकारचे असेल, तर सहसा दोघांतला कडक नियम पूर्ण तिकिटाला लागतो. म्हणजे येण्याचे महाग फ्लेक्सी घेऊनही जाण्याच्या स्वस्त भाड्याचे शुल्क बसू शकते. हे तिकीट काढण्याआधी विचारा, नंतर उपाय नसतो.

बोटीवर काम करणाऱ्या तारवटी मंडळींसाठी वेगळे मरीन भाडे असते. जहाजाची तारीख सारखी हलते हे धरूनच ते बांधलेले असते, म्हणून त्यात बदलाच्या अटी सैल असतात आणि सामानही जास्त नेता येते. त्यासाठी खलाशी असल्याचा पुरावा लागतो. घरच्यांना त्या भाड्यावर नेता येईल असे समजू नका.

आता तुमच्यापुरते. वाट पाहून भाडे उतरेल या आशेवर राहू नका. फरक हा तुम्ही बदल कराल त्या घटकेच्या भाड्यावर ठरतो, आणि नाताळाच्या तोंडावर दिल्ली-गोवा भाडे खाली येईल असे मला वाटत नाही. २३ तारखेची दुपारची आणि २४ ची अगदी पहाटेची किंवा रात्री उशिराची विमाने पाहा, तिथे कधी कधी खालचा क्लास उरलेला असतो. बहिणीकडचे कार्य आटोपून २२ ला निघता आले तर तेही पाहा. एका, दोन आणि तीन प्रवाशांचे भाडे तपासा. दाबोळीचे आकडे बाजूला लिहून ठेवा. मग कंपनीला फोन करून तीनच गोष्टी विचारा: माझ्या भाड्याला रद्द शुल्क किती, पीएनआर विभागायला काही पडते का, आणि प्रवासाच्या किती तास आधीपर्यंत बदल चालतो. तिसरा प्रश्न टाळू नका. फ्लेक्सी असले तरी ठरलेल्या वेळेनंतर ते बदलता येत नाही, आणि विमान सुटून गेले की तुम्ही नो-शो, म्हणजे न आलेले प्रवासी ठरता, मग शून्य शुल्काचा काही उपयोग उरत नाही.

एवढे करून सर्वात कमी आकडा साडेपाच हजारच निघाला, तर तो भरा आणि तिकीट रिइश्यू, म्हणजे नव्या तारखेचे करून घ्या. नवे तिकीट मेलवर आले की तारीख, विमानतळ आणि तिघांची नावे तपासा. आधी पैसे देऊन निवडलेल्या सीटा आणि जादा बॅग नव्या विमानात आपोआप येतेच असे नाही. आली नसेल तर फोनवर असतानाच सांगा, तेव्हा ती जोडून घेणे सोपे जाते.